कस्टम १९११ पिस्तूल

कस्टम १९११ पिस्तूल म्हणजे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांच्या एम१९११ या रचनेवर आधारलेले आणि एका विशिष्ट वापरकर्त्याच्या गरजेनुसार शस्त्रकारागिराने हाताने जुळवून तयार केलेले पिस्तूल होय. असे पिस्तूल बहुधा शून्यापासून बनवले जात नाही. कारखान्यात तयार झालेले एक पिस्तूल आधार म्हणून निवडले जाते, ते पूर्ण सुटे केले जाते आणि त्यातील काही भाग ठेवून, काही बदलून व काही नव्याने घडवून ते पुन्हा जोडले जाते. या आधारभूत पिस्तुलाला अमेरिकी शस्त्रव्यवसायात 'बेस गन' म्हणतात. या लेखात त्यासाठी 'मूळ पिस्तूल' हा शब्द वापरला आहे.

स्वसंरक्षणासाठी अंगावर बाळगायच्या पिस्तुलाच्या बाबतीत मूळ पिस्तुलाची निवड विशेष महत्त्वाची ठरते. स्पर्धेतील पिस्तूल अडले तर गुण जातात. बाळगण्याचे पिस्तूल अडले, किंवा नको तेव्हा उडाले, तर जीव जाऊ शकतो. शिवाय कारागिराचे काम मुख्यतः धातू काढून टाकण्याचे असते आणि एकदा कापलेला धातू सहजासहजी परत बसवता येत नाही. त्यामुळे निवडीतील चूक पुढे कितीही कौशल्य ओतले तरी पूर्णपणे भरून निघत नाही.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

=== मूळ रचना ===

मार्च १९११ मध्ये झालेल्या अमेरिकी लष्कराच्या चाचणीत ब्राउनिंग यांच्या रचनेच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या आणि पिस्तूल एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी लष्कराने ते स्वीकारले. कोल्ट कंपनीने बनवलेल्या या पिस्तुलाची नळी ५ इंच (१२७ मिमी) लांबीची, काडतूस .४५ एसीपी, मॅगझीनची क्षमता ७ काडतुसे आणि रिकामे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम होते. १९२० च्या दशकात काही किरकोळ सुधारणा करून एम१९११ए१ ही आवृत्ती आली. दुसऱ्या महायुद्धात कोल्टबरोबरच रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल आणि अल्प प्रमाणात सिंगर या कंपन्यांनीही या पिस्तुलाचे उत्पादन केले. १९८५ मध्ये बेरेटा एम९ या ९ मिमी पिस्तुलाची निवड होईपर्यंत एम१९११ए१ हे अमेरिकी सैन्याचे प्रमाण पिस्तूल होते.

या रचनेत गोळी सुटताना नळी व स्लाइड परस्परांत अडकलेली असतात. धक्क्याने दोन्ही थोडे मागे सरकल्यावर नळीखालची लहान कडी नळीचा मागचा भाग खाली ओढते, नळी स्लाइडपासून सुटते आणि स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकते. चाप सरळ मागेपुढे सरकतो, तो बिजागरीवर फिरत नाही. त्यामुळे चापाची ओढ अतिशय हलकी व स्वच्छ करता येते. या रचनेला शंभर वर्षांनंतरही मागणी राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

=== कस्टम कामाचा उदय ===

सुरुवातीचे कस्टम काम कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांसाठी होत असे. त्यात स्लाइड, फ्रेम व नळी एकमेकांत घट्ट बसवून अचूकता वाढवण्यावर भर होता. १९५० च्या दशकात जेफ कूपर (१९२०–२००६) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात लढाऊ नेमबाजीच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यातून वेगळ्या गरजा पुढे आल्या : चटकन दिसणाऱ्या साइट, अंगठ्याला सहज सापडणारी सुरक्षाकळ आणि हात न ओरबाडणाऱ्या कडा. १९७६ मध्ये कूपर यांनी अ‍ॅरिझोनातील पॉल्डन येथे प्रशिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी मिसुरीतील कोलंबिया येथे आंतरराष्ट्रीय प्रात्यक्षिक नेमबाजी महासंघाची (आयपीएससी) स्थापना झाली.

याच काळात आर्मंड स्वेन्सन, जिम होग, बिल विल्सन, एड ब्राउन, वेन नोव्हाक, रिचर्ड हायनी आणि लेस बेअर अशा कारागिरांची नावे प्रसिद्धीस आली. त्यांनी विकसित केलेले अनेक भाग पुढे कारखान्यांनी स्वीकारले. १९९० च्या दशकाच्या मध्यात किंबर कंपनीने रुंद ग्रिप सेफ्टी, हलका चाप आणि उंच साइट असलेली १९११ पिस्तुले मोठ्या संख्येने बाजारात आणली. पूर्वी जे काम कारागिराकडे महिनोन्महिने थांबून करून घ्यावे लागे त्यातील बरेचसे आता दुकानातच मिळू लागले. परिणामी कस्टम काम दोन वाटांनी गेले. एका वाटेवर कारखान्यातील सज्ज पिस्तुलात थोडे फेरफार केले जातात. दुसऱ्या वाटेवर साधे, अलंकाररहित पिस्तूल घेऊन सगळे काम मुळापासून केले जाते.

== मूळ पिस्तुलाची निवड ==

=== फ्रेमचे महत्त्व ===

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार अनुक्रमांक असलेली फ्रेम हीच कायद्याच्या दृष्टीने 'शस्त्र' असते. नळी, स्लाइड, चाप, स्प्रिंग हे संघराज्य कायद्यात केवळ सुटे भाग मानले जातात. तांत्रिकदृष्ट्याही हेच खरे आहे, कारण या पिस्तुलातील फ्रेम सोडून जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. म्हणून मूळ पिस्तूल निवडणे म्हणजे मुख्यतः फ्रेम निवडणे होय.

फ्रेममधील सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे हॅमर, सिअर आणि स्लाइड स्टॉप यांच्या खिळ्यांची भोके. हॅमर आणि सिअर या दोन भागांच्या बारीक कडा एकमेकींना अडकून राहतात आणि चाप ओढल्यावर सुटतात. ही भोके योग्य अंतरावर, एकमेकांना समांतर आणि फ्रेमला काटकोनात नसतील तर कडा असमान टेकतात. मग चापाची ओढ एकसारखी राहत नाही आणि प्रसंगी हॅमर आपोआप खाली पडण्याचा धोका निर्माण होतो. सैल स्लाइड घट्ट करता येते, खराब नळी बदलता येते. पण चुकीच्या जागी पाडलेले भोक सरकवता येत नाही.

=== धातू आणि घडण ===

फ्रेम व स्लाइड तीन प्रकारे तयार होतात. घडीव भागात तापलेले पोलाद साच्यात दाबून आकार दिला जातो आणि मग यंत्राने कापले जाते. ओतीव भागात वितळलेले पोलाद साच्यात ओतले जाते. तिसऱ्या प्रकारात पोलादाच्या सलग ठोकळ्यातून पूर्ण भाग कापून काढतात. कोल्ट आणि इलिनॉयमधील स्प्रिंगफिल्ड आर्मरी या कंपन्यांच्या फ्रेम घडीव असतात. फिलिपिन्समधील आर्मस्कोर कंपनी 'रॉक आयलंड आर्मरी' या नावाने विकत असलेल्या पिस्तुलांच्या फ्रेम ओतीव असतात; रूगर कंपनीही ओतीव पद्धतच वापरते. चांगली ओतीव फ्रेम बाळगण्याच्या पिस्तुलासाठी पुरेशी मजबूत असते. तरीही कस्टम व्यवसायात घडीव व सलग ठोकळ्यातून कापलेल्या भागांना अधिक पसंती आहे.

स्प्रिंगफिल्ड आर्मरी ही कंपनी आणि मॅसॅच्युसेट्समधील त्याच नावाचा सरकारी शस्त्रकारखाना यांत गल्लत होऊ नये. तो कारखाना १९६८ मध्ये बंद झाला. आजची कंपनी खासगी असून तिने केवळ नाव घेतलेले आहे.

चीनमधील नोरिन्को कंपनीची १९११ प्रकारची पिस्तुले एके काळी कठीण पोलादामुळे कारागिरांना प्रिय होती. बाहेरून ओबडधोबड आणि किमतीला स्वस्त असल्यामुळे त्यांवर कानस चालवताना मालकाला हळहळ वाटत नसे. १९९४ मध्ये अमेरिकेने चिनी शस्त्रांच्या आयातीवर बंदी घातल्यापासून तेथे ती केवळ जुन्या बाजारात मिळतात.

लहान भागांबाबतही असाच विचार केला जातो. धातूची भुकटी साच्यात दाबून व भाजून बनवलेले भाग (एमआयएम) स्वस्त पडतात आणि अनेक कारखानी पिस्तुलांत असतात. कस्टम कामात सिअर, हॅमर, डिस्कनेक्टर, सुरक्षाकळ आणि एक्स्ट्रॅक्टर हे भाग बहुधा सलग पोलादातून कापलेल्या भागांनी बदलले जातात. हे भाग कसेही बदलायचेच असतील तर कारखान्याने ते कोणते बसवले आहेत याला महत्त्व राहत नाही. तेथे वाचलेला पैसा चांगल्या फ्रेमवर खर्च करणे श्रेयस्कर मानले जाते.

=== आकार आणि वजन ===

बाळगण्यासाठी चार आकार प्रामुख्याने विचारात घेतले जातात :

* गव्हर्नमेंट – ५ इंचांची नळी आणि पूर्ण लांबीची मूठ. हा ब्राउनिंग यांचा मूळ आकार होय. स्प्रिंगांचे ताण, स्लाइडचे वजन आणि मॅगझीनचा वेग यांचा मेळ याच आकारासाठी बसवलेला आहे.
* कमांडर – ४.२५ इंचांची नळी आणि पूर्ण लांबीची मूठ. कोल्टने १९५० च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या फ्रेमसह हा आकार आणला. पोलादी आवृत्ती नंतर आली.
* ऑफिसर्स – ३.५ इंचांची नळी आणि आखूड मूठ. हा आकार कोल्टने १९८५ मध्ये बाजारात आणला. .४५ एसीपी आवृत्तीच्या मॅगझीनमध्ये ६ काडतुसे मावतात.
* मिश्र आकार – कमांडरची स्लाइड आणि ऑफिसर्सची आखूड फ्रेम.

पिस्तूल लपवण्याच्या दृष्टीने नळीपेक्षा मूठ अधिक अडचणीची असते. कमरेच्या आत खोचलेल्या होल्स्टरमध्ये नळी पँटच्या आत उभी राहते. मूठ मात्र सदऱ्याखालून बाहेर डोकावते. मिश्र आकाराला पसंती मिळण्याचे कारण हेच आहे.

नळी जितकी आखूड तितकी यंत्रणा अधिक संवेदनशील होते. लहान स्लाइड हलकी असल्याने वेगाने मागे जाते व तिचा प्रवासही कमी असतो. त्यामुळे पुढचे काडतूस वर आणण्यासाठी मॅगझीनच्या स्प्रिंगला कमी वेळ मिळतो. नळीलाही थोड्या अंतरात अधिक कलावे लागते, म्हणून अनेक आखूड पिस्तुलांत बुशिंगऐवजी तोंडाशी शंकूसारखी जाड होत गेलेली नळी वापरतात. अशा पिस्तुलांत स्प्रिंग अधिक वेळा बदलाव्या लागतात. पहिल्याच कस्टम पिस्तुलासाठी गव्हर्नमेंट किंवा कमांडर आकार घ्यावा, हा सल्ला या कारणांमुळे दिला जातो.

अ‍ॅल्युमिनियम फ्रेममुळे पोलादी कमांडरच्या तुलनेत सुमारे पाव किलोग्रॅम वजन कमी होते. दिवसभर कमरेला बाळगताना हा फरक जाणवतो. मात्र काडतूस ज्या उतारावरून नळीत चढते तो उतार फ्रेममध्ये असतो आणि पोकळ टोकाच्या गोळ्यांनी मऊ अ‍ॅल्युमिनियमला खाचा पडू शकतात. पृष्ठभागावरील कठीण अ‍ॅनोडाइझ थर घासून काढल्यास झीज वाढते, त्यामुळे असा उतार पॉलिश करणे टाळले जाते. यावरचे उपाय म्हणजे उतारात पोलादी तुकडा बसवणे किंवा उतार नळीलाच जोडलेला असेल अशी नळी वापरणे.

=== काडतुसाची निवड ===

१९११ साठी .४५ एसीपी हे परंपरागत काडतूस आहे. १९२९ पासून .३८ सुपर आणि पुढे ९ मिमी काडतुसांसाठीही हे पिस्तूल बनू लागले. आधुनिक पोकळ टोकाच्या गोळ्यांची परिणामकारकता वाढल्यापासून कमी धक्का आणि अधिक क्षमता यांमुळे ९ मिमीला पसंती वाढली आहे.

मूळ पिस्तूल निवडताना येथे एक महत्त्वाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. स्लाइडच्या ज्या पृष्ठावर काडतुसाचा तळ टेकतो ते पृष्ठ ९ मिमी व .३८ सुपरसाठी अरुंद असते. अरुंद पृष्ठ कापून .४५ साठी रुंद करता येते; .४५ चे रुंद पृष्ठ अरुंद करता येत नाही, त्यासाठी स्लाइडच बदलावी लागते. फ्रेमच्या बाबतीतही असेच आहे. उतार जोडलेल्या नळीसाठी फ्रेम एकदा कापली की तिच्यात साधी नळी परत बसवता येत नाही. म्हणून काडतूस कोणते हे पिस्तूल विकत घेण्यापूर्वीच ठरवावे लागते.

=== फायरिंग पिनची सुरक्षा ===

मूळ रचनेत फायरिंग पिन तिच्या मार्गापेक्षा आखूड असते. हॅमरच्या आघाताने मिळालेल्या गतीनेच ती काडतुसाच्या टोपीपर्यंत पोहोचते, एरवी स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. तरीही भरलेले पिस्तूल तोंडावर जोराने आपटले तर पिन स्वतःच्या जडत्वाने पुढे जाऊन गोळी उडण्याची शक्यता राहते. या धोक्यावर उत्पादकांनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत :

* 'सीरीज ७०' – फायरिंग पिनला वेगळा अडसर नाही. हे नाव मूळचे १९७० मध्ये आलेल्या कोल्टच्या एका मॉडेलचे असून त्याचे वैशिष्ट्य फटी असलेले बुशिंग हे होते. आता मात्र अडसर नसलेल्या कोणत्याही १९११ ला हे नाव सर्रास लावले जाते.
* 'सीरीज ८०' – कोल्टने १९८३ मध्ये आणलेली पद्धत. फ्रेममधील दोन लहान तरफा चाप ओढल्यावर स्लाइडमधील अडसर वर ढकलतात.
* ग्रिप सेफ्टीशी जोडलेला अडसर – मूठ दाबल्यावर अडसर मोकळा होतो. किंबरची काही मॉडेल आणि स्मिथ अँड वेसन यांची पिस्तुले या प्रकारची आहेत.
* हलकी पिन व कडक स्प्रिंग – स्प्रिंगफिल्ड आर्मरीच्या पिस्तुलांत टायटॅनियमची पिन वापरतात. वजन कमी असल्याने आपटल्यावर तिला पुरेसा वेग मिळत नाही.

सीरीज ८० मधील अतिरिक्त तरफांमुळे चापाची ओढ थोडी बिघडते असा आक्षेप पूर्वी घेतला जात असे. कुशल कारागिराच्या हातून हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, असे आज मानले जाते. ग्रिप सेफ्टीशी जोडलेल्या अडसराचा चापावर परिणाम होत नाही, पण नवी ग्रिप सेफ्टी बसवताना दोहोंचा मेळ नीट न जमल्यास अडसर अर्धवट उघडतो आणि पिन अडते. कोणत्याही प्रकारात कारखान्याने बसवलेली सुरक्षा काढून टाकणे बाळगण्याच्या पिस्तुलासाठी अयोग्य समजले जाते. ज्याला अडसर नको आहे त्याने मुळातच अडसर नसलेले पिस्तूल निवडणे हा योग्य मार्ग होय.

=== आधीच झालेले काम ===

अनुभवी कारागीर बहुधा सजवलेल्या पिस्तुलापेक्षा साधे पिस्तूल मागतात. स्लाइडवर आधीच साइटसाठी खोबण कापलेली असेल तर त्याच आकाराची साइट वापरावी लागते. मुठीच्या पुढच्या बाजूला रेघा कोरलेल्या असतील तर तेथे वेगळी नक्षी करायला धातू उरत नाही. रुंद ग्रिप सेफ्टी बसवण्यासाठी फ्रेमच्या मागच्या टोकाला गोलाई द्यावी लागते. ही गोलाई निरनिराळ्या उत्पादकांची निरनिराळी असते आणि एकदा दिली की तिच्याशी जुळणारेच भाग बसतात. वेल्डिंगने धातू चढवून पुन्हा कापणे शक्य असते, पण ते खर्चिक असून त्याने पोलादाच्या कठिणपणावर परिणाम होऊ शकतो. याच कारणामुळे कोल्टची १९९१ मालिका आणि स्प्रिंगफिल्ड आर्मरीचे मिल-स्पेक यांसारखी साधी पिस्तुले मूळ पिस्तूल म्हणून लोकप्रिय राहिली आहेत.

उलटपक्षी, ज्याला फक्त चाप सुधारणे, कडा बोथट करणे आणि यंत्रणा विश्वासार्ह करणे एवढेच हवे आहे, त्याने हवे ते भाग आधीच असलेले कारखानी पिस्तूल घेतल्यास एकूण खर्च कमी होतो. साधे स्वस्त पिस्तूल घेऊन एकेक भाग जोडत गेल्यास अंतिम खर्च सज्ज पिस्तुलाच्या किमतीपेक्षा जास्त होणे ही नेहमीची गोष्ट आहे. विक्रीच्या वेळी हा खर्च क्वचितच परत मिळतो.

=== खरेदीपूर्व तपासणी ===

जुने पिस्तूल घेताना ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करून पुढील गोष्टी पाहिल्या जातात :

* स्लाइड फ्रेमवर पूर्ण लांबीभर एकसारखी सरकते का, आणि पन्हाळी ठोकून वा दाबून घट्ट केल्याच्या खुणा आहेत का.
* नळीच्या वरच्या कडा आणि स्लाइडच्या आतील खाचा यांचे कोपरे चेपले आहेत का. असल्यास नळीचा मेळ चुकीचा आहे.
* फ्रेमवरील उतार आणि नळीची कड यांमध्ये सुमारे ०.८ मिमी फट आहे का. हौशी हाताने घासलेला उतार हा फ्रेम वाया गेल्याचा सर्वांत सामान्य प्रकार आहे.
* अंगठ्याची सुरक्षाकळ, ग्रिप सेफ्टी आणि डिस्कनेक्टर आपापले काम करतात का.
* अनुक्रमांक स्पष्ट व अबाधित आहे का. अनुक्रमांक खोडणे किंवा बदलणे हा अमेरिकेत संघराज्य कायद्याखाली गुन्हा आहे.

== उदाहरण : अमेरिकी मरीन कोरचे पिस्तूल ==

मूळ पिस्तुलाच्या निवडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकी मरीन कोरचे एमईयू(एसओसी) पिस्तूल होय. १९८५ मध्ये सैन्याने ९ मिमी पिस्तूल स्वीकारले, तरी मरीन कोरच्या विशेष तुकड्यांना .४५ एसीपी हवे होते. व्हर्जिनियातील क्वांटिको येथील शस्त्रकारागिरांनी साठ्यातील दुसऱ्या महायुद्धकालीन किंवा त्याहून जुन्या एम१९११ए१ पिस्तुलांतून चांगल्या फ्रेम निवडून काढल्या. त्यांतील जुने भाग काढून टाकले आणि बाजारात मिळणाऱ्या नव्या नळ्या, चाप, रुंद ग्रिप सेफ्टी, दोन्ही बाजूंच्या सुरक्षाकळी व उंच साइट हाताने बसवल्या.

चाळीसहून अधिक वर्षांच्या फ्रेम अशा कामाला पुरून उरल्या, यातून चांगल्या मूळ फ्रेमचे मोल दिसते. त्याचबरोबर या पद्धतीची मर्यादाही उघड झाली. प्रत्येक पिस्तूल हाताने जुळवलेले असल्याने एकाचा भाग दुसऱ्यात नेमका बसेलच असे नव्हते आणि दुरुस्तीसाठी प्रशिक्षित कारागीर आवश्यक होता. शिवाय जुन्या फ्रेमचा साठा मर्यादित होता. २०१२ मध्ये मरीन कोरने कोल्टशी सुमारे १२,००० नव्या एम४५ए१ पिस्तुलांपर्यंतचा करार केला. पुढे त्यांची जागा सिग सॉअर एम१८ या ९ मिमी पिस्तुलाने घेतली.

== ऐतिहासिक पिस्तुलांचा प्रश्न ==

१९५० ते १९८० या काळात लष्करी साठ्यातील पिस्तुले स्वस्त होती आणि हजारो मूळ एम१९११ए१ कापून त्यांची कस्टम पिस्तुले करण्यात आली. आज शाबूत मूळ पिस्तुलांना संग्राहकांकडून मोठी किंमत मिळते. फेरफार केलेल्यांचे संग्रहमूल्य जवळजवळ संपते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील स्लाइडचे पोलाद आधुनिक मानाने मऊ असल्याने ती पिस्तुले सततच्या वापरासाठी योग्यही नाहीत. त्यामुळे अशी पिस्तुले मूळ पिस्तूल म्हणून वापरू नयेत, असा संग्राहक आणि बहुतेक कारागीर या दोघांचाही कल आहे. पूर्वीच कोणीतरी कापलेले जुने पिस्तूल मात्र याला अपवाद मानले जाते, कारण त्यात गमावण्यासारखे फारसे उरलेले नसते.

== अचूकता आणि विश्वासार्हता ==

स्लाइड व फ्रेम जितकी घट्ट तितके पिस्तूल चांगले, हा एक सर्वसाधारण गैरसमज आहे. अचूकतेत मोठा वाटा नळी तोंडाशी आणि मागच्या बाजूला दर वेळी नेमक्या त्याच जागी येऊन बसते की नाही याचा असतो. स्लाइड व फ्रेममधील किंचित सैलपणाचा परिणाम त्यामानाने कमी असतो. फार घट्ट पिस्तूल धूळ, घाम आणि जळक्या दारूच्या थराने अडू शकते. बाळगण्याच्या पिस्तुलात म्हणून अतिअचूकतेपेक्षा विश्वासार्हतेला प्राधान्य दिले जाते. त्यात एक्स्ट्रॅक्टरचा ताण, काडतुसाचा उतार, मॅगझीनची गुणवत्ता आणि योग्य स्प्रिंग या चार गोष्टी मुख्य आहेत. त्यांतील मॅगझीन हा भाग अडथळ्यांच्या मुळाशी अनेकदा असतो.

चापाच्या ओढीबाबतही हाच नियम लागू होतो. स्पर्धेच्या पिस्तुलात ती अतिशय हलकी ठेवतात, बाळगण्याच्या पिस्तुलात साधारणपणे ४ ते ५ पौंड (१.८ ते २.३ किलोग्रॅम) ठेवली जाते. तणावाच्या क्षणी बोटाची जाणीव कमी होते आणि याहून हलका चाप अनवधानाने ओढला जाऊ शकतो. हॅमर व सिअर यांवरील काम अननुभवी व्यक्तीने करू नये, याबाबत या क्षेत्रात एकमत आहे. काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष बाळगायच्याच काडतुसांच्या शेकडो फैरी अडथळ्याविना झाडून झाल्याखेरीज पिस्तुलावर विसंबू नये, असा संकेत आहे.

== टीका आणि पर्याय ==

बाळगण्यासाठी १९११ निवडण्यावरच अनेक जाणकार आक्षेप घेतात. हे पिस्तूल हॅमर मागे ओढून आणि सुरक्षाकळ लावून बाळगायचे असते. त्यासाठी नियमित सराव लागतो. वजनाच्या मानाने क्षमता कमी आहे आणि देखभाल जास्त आहे. ग्लॉकसारख्या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलांत सुटे भाग कानस न चालवता बदलता येतात. सिग सॉअर पी३२० मध्ये तर अनुक्रमांक चाप यंत्रणेच्या लहान चौकटीवर असतो. तेथे मूठ, स्लाइड व नळी बदलली तरी कायद्याने शस्त्र तेच राहते. ब्राउनिंग यांच्या संकल्पनेतून निघालेले आणि १९३५ मध्ये आलेले हाय-पॉवर हेही कस्टम कामासाठी वापरले जाणारे जुने पिस्तूल आहे. १९९० च्या दशकात एसटीआय कंपनीने आणलेल्या '२०११' रचनेत वरची चौकट पोलादी आणि मूठ पॉलिमरची असून तीत दुहेरी रांगेचे मॅगझीन बसते.

या रचनेचे समर्थक सरळ चाप, सडपातळ जाडी आणि हाताच्या आकाराप्रमाणे जुळवून घेण्याची क्षमता यांकडे बोट दाखवतात.

== कायदेशीर बाबी ==

अमेरिकेत पिस्तूल बाळगण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. २०२२ मध्ये न्यू यॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रुएन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला; परवान्याची पद्धत मात्र पूर्णपणे रद्द झालेली नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात विक्रीस परवानगी असलेल्या पिस्तुलांची यादी असते आणि तीत येण्यासाठी पिस्तूल आपटण्याची चाचणी उत्तीर्ण व्हावे लागते. त्यामुळे तेथे मूळ पिस्तुलाची निवड यादीपुरती सीमित राहते.

भारतातील स्थिती पूर्णतः वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागतो, तसेच शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती व रूपांतर यांच्या व्यवसायासाठीही स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. सैन्याची ९ मिमी किंवा .४५ रिमलेस काडतुसे झाडू शकणारी पिस्तुले प्रतिबंधित बोअरच्या वर्गात मोडतात. सर्वसाधारण परवानाधारकाला ती घेता येत नाहीत. त्यामुळे भारतात स्वसंरक्षणाचे परवाने मुख्यतः .३२ बोअरच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी दिले जातात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परवान्याविना पिस्तुलात फेरफार करणे हा भारतात गुन्हा आहे. या लेखात वर्णन केलेली कस्टम कामाची परंपरा म्हणूनच मुख्यतः अमेरिकी परंपरा आहे.